खुर्चीवरची टोपी

छबूमावशी नगरला थेटराच्या दारात शेंगा विकायची आणि सावेडीच्या मळ्यात बातम्या फुकट वाटायची. त्या दिवशी तिनं रतनला विहिरीवर गाठलं. म्हणाली, तुझा नवरा दर शनिवारी दुपारच्या खेळाला येतो. तोच जुना सिनेमा तीनदा बघून झाला, आणि तिकिटं काढतो दोन.

झालं! रतनच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. एक तिकीट त्याचं, मग दुसरं कोणत्या सटवीचं?

दिवाळीला माहेरी आलेली रतन चैत्र उजाडला तरी तिथंच होती. भांडण म्हणाल तर इवलंसं. लग्नात जावई रुसला म्हणून आबांनी त्याला घड्याळ दिलं आणि ते आठव्या दिवशी बंद पडलं. घोडेगावची सासरची मंडळी म्हणाली, फसवलं. आबा म्हणाले, पाण्यात बुडवलं असेल. तेव्हापासून सासरा म्हणे, बापानं पोर आणून घालावी. आबा म्हणत, न्यायला माणूस दारात आल्याशिवाय माझी लेक उंबरा ओलांडणार नाही. दोघांचा ताठा शाबूत राहिला आणि रतन मधल्यामधे वाळत बसली. आता नवऱ्यानं, गोरक्षनाथानं, दुसरी बघितली असेल तर तिचा सगळा जन्म बापाच्या चुलीपुढंच जायचा होता.

आबा दर शुक्रवारी घोडेगावच्या बैलबाजाराला जायचे आणि हल्ली घुम्यासारखे परत यायचे. कोण भेटलं विचारलं तर म्हणायचे, बैल भेटले. वर शनिवारी नगरला जायचं नाही, असं त्यांनी तिला दोनदा बजावलं होतं. नेमका शनिवारच का? रतननं ताडलं, आबांना त्या बाईचं कळलंय आणि लेकीला लागेल म्हणून ते गिळून बसलेत. तिला बापाची कीव आली.

शनिवारी आबा रानात गेले तशी ती मावशीबरोबर निघाली. तोंडावर पदर ओढून थेटरात मागं बसली.

दोन रांगा पुढं गोरक्षनाथ होता. शेजारच्या खुर्चीवर त्यानं आपली टोपी ठेवली होती. कुणी बसायला आलं की हात आडवा घालत होता. बघा तरी, केवढी काळजी! रतनचा जीव नुसता जळत होता.

पडद्यावर एक नवरदेव वेशीत घोड्यावर अडला होता. मुलीचा बाप सामोरा येईना आणि नवरदेव खाली उतरेना. नवरी शालू नेसून खिडकीत रडत गाणं म्हणत होती. अगं बये, तूच खाली उतर की, पाय मोडलेत का तुझे, असं रतनच्या मनात आलं. पण तिचं निम्मं लक्ष त्या टोपीवर होतं. मध्यंतर झालं, शेंगा आल्या. त्यानं दोन पुड्या घेतल्या आणि एक टोपीजवळ ठेवली. बाई काही आली नाही.

पुन्हा अंधार झाला तशी रतन उठली. पुढं जाऊन तिनं टोपी उचलली आणि त्या खुर्चीवर बसली.

"उठा बाई," तो पडद्यावरची नजर न काढता म्हणाला. "ही जागा माझ्या मंडळीची हाय."

पदर बाजूला करून रतन म्हणाली, "मंग तिला सांगितलं का कदी?"

तो दचकला. बघतच राहिला. म्हणाला, "तीन शुक्रवार तुझ्या आबांना बाजारात गाठून सांगितलं. रतनला शनिवारी दुपारच्या खेळाला धाडा म्हणून."

इतके दिवस रतन नवऱ्याकडं संशयानं बघत होती आणि चोर घरातच होता. कीव आल्याची तिला लाज वाटली.

"दारात यायला काय झालं हुतं?" तिनं विचारलं.

तो म्हणाला, बाप म्हणतो, सावेडीची पायरी चढलास तर मला तोंड दाखवू नको.

तिनं टोपी पदराखाली घेतली आणि चालू लागली. बोडक्यानं गावातून कोण जाणार? पण थोड्या वेळानं मागून वहाणा वाजल्या. सावेडीपर्यंत तिनं वळून पाहिलं नाही, न जाणो, तो परत फिरायचा.

आबा ओट्यावर होते. लेकीमागं बोडका जावई बघून ते उठून उभे राहिले. रतननं पदराखालून टोपी काढली, झटकली आणि बापासमोर नवऱ्याच्या डोक्यावर ठेवली.

"न्यायला माणूस आलाय, आबा," ती म्हणाली. "तीन शुक्रवारचे तीन निरोप तुमच्याकडं ऱ्हायलेत. तेवढे द्या, मंग मी निघते."

आबांनी मान खाली घातली आणि एकेक करून तिन्ही निरोप सांगितले.