साखरेने चिकटलेलं बटण

मित्रांनो, तुम्ही मला टीव्हीचा रिमोट समजाल, म्हणून आधीच सांगतो. तो वेगळा. मी खेळाचा रिमोट, दोन हातांत धरायचा, दोन अंगठ्यांनी चालवायचा. आता जुना झालोय. माझ्या डाव्या काडीचं, म्हणजे अंगठ्याने फिरवायच्या दांडीचं, रबर झिजलंय आणि उजवीकडचं खालचं बटण आत्ताआत्तापर्यंत दाबलं की वर यायचंच नाही. ते साखरेने चिकटलं होतं. हो, साखरेने! हसू नका. माझ्या पायी एका मुलाची भर सभेत मान खाली गेली, आणि त्याची सुरुवात या साखरेपासूनच झाली.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. खोका उघडला तो खोपोलीत, किशोरच्या घरी. किशोर तेव्हा कॉलेजात होता आणि त्याच्याकडे खेळ एकच होता. पाण्याने भरलेला एक बुरूज, त्यात चाकं, झडपा आणि एक बंद दरवाजा. तो दरवाजा उघडायला किशोरला चाळीस दिवस लागले. चाळीस! किती वेळा त्याने मला रागाने गादीवर आपटलं आणि पुन्हा उचलून पुसलं. जेवताना तो ताटात बोटाने पाण्याच्या रेघा ओढायचा, म्हणून आईची बोलणी खायचा.

एका रविवारी दुपारी त्याचा अंगठा एकदम थांबला. मग हळूच डावीकडे गेला. दरवाजा उघडला. किशोर ओरडला, "आये, उघडला गं दरवाजा!"

त्याची आई चंद्राबाई भाकऱ्या थापत होती. ती आतूनच म्हणाली, "कंचा रं? आपला तर सकाळधरनं उघडाच हाय!"

पडद्यावर एक छोटा चषक चमकला आणि 'टिंग' वाजलं. वर्षभरात आम्हाला मिळालेला तो पहिला चषक. किशोरने मला कपाळाला लावलं. मित्रांनो, मी प्लॅस्टिकचा आहे, पण त्या दिवशी मला फार भरून आलं. पुढे किशोरला कारखान्यात नोकरी लागली, पाळ्या सुरू झाल्या आणि खेळायला सवड उरली नाही. त्याने मला कर्जतच्या एका दुकानात विकायला ठेवलं. जाताना काडीवर अंगठा फिरवून म्हणाला, "जा बाबा, तुला चांगला गडी मिळू दे."

तिथून मधूकाकांनी मला त्यांच्या मुलासाठी, यज्ञेशसाठी घेतलं. त्यांचं घर दहिवलीला. यज्ञेश नुकताच नववीत गेला होता. आई-वडील दिवसभर नोकरीवर, घरी असायची ती त्याची सरोजिनीआत्या. आत्या म्हणजे गणिताच्या निवृत्त बाई. अर्ध्या कर्जतला अपूर्णांक त्यांनीच शिकवले. वाचनालयाच्या दारात एक फळा आहे, त्यावर दर महिन्याला नवं कोडं लिहायचं काम अजून त्याच करतात. लहानपणी यज्ञेश त्या फळ्यासमोर पायरीवर बसून राहायचा. आत्या हाक मारून दमायच्या, तरी उठायचा नाही. "हा पोरगा चिकट आहे हो," असं त्या सगळ्यांना कौतुकाने सांगत.

यज्ञेशने पहिला खेळ चांगला निवडला. दहा खोल्या, प्रत्येक खोलीत एक कोडं. तीन खोल्या त्याने स्वतः सोडवल्या. चौथ्या खोलीत एक तुटलेला पूल आणि तीन दगड होते, तिथे तो अडला. दोन दिवस अडला, तिसऱ्या दिवशी मला सोफ्यावर टाकून त्याने मोबाईल उघडला. मोबाईलवर कुणीतरी सगळ्या खोल्यांची उत्तरं करून दाखवली होती. यज्ञेशने ती बघून बघून उरलेल्या खोल्या अर्ध्या तासात संपवल्या. टिंग! सगळे चषक मिळाले की वर एक मोठा चषक मिळतो, त्याला प्लॅटिनम म्हणतात. तोही मिळाला.

आत्या स्वयंपाकघरातून आल्या. "हे काय रे मिळालं?"

"प्लॅटिनम चषक, आत्या. जगभरातली मुलं खेळतात यात."

यातला एकही शब्द खोटा नव्हता, हेच तर वाईट. आत्यांनी उभ्या आयुष्यात कुणाला अर्धा गुण फुकट दिला नव्हता. जगात कुणी फुकटचे चषक वाटत असेल हे त्यांच्या मनात तरी कसं येणार? त्या आत गेल्या, साखरेचा डबा घेऊन आल्या आणि चांगल्या बातमीला ठेवतात तशी चिमूटभर साखर त्याच्या तळहातावर ठेवली. त्याने ती तोंडात टाकली आणि तसाच हात माझ्यावर ठेवला.

मग त्याला ती गोडी लागली, मित्रांनो. साखरेची नव्हे, टिंगची. त्याने शोधून काढलं की काही खेळ असतातच मुळी चषक वाटायला. चौकोन ढकलून खड्ड्यात टाकायचा, असे दहा चौकोन, वीस मिनिटांत प्लॅटिनम. रंगाला रंग जोडायचा, पंधरा मिनिटांत प्लॅटिनम. त्यातही मोबाईल स्टीलच्या पेल्याला टेकवून ठेवलेला. उजवीकडे, उजवीकडे, खाली, दाब. मला सांगा, याला खेळणं म्हणायचं? आणि कहर म्हणजे तोच खेळ दुसऱ्या देशासाठी वेगळा विकतात. नाव तेच, चौकोन तेच, चषक मात्र नव्याने मोजतात. एक खेळ त्याने पाच देशांचा खेळला. मला तर त्याच्या खाणाखुणा पाठ झाल्या होत्या!

आत्या मात्र दर प्लॅटिनमला डबा घेऊन हजर. साखरेचे कण माझ्या बटणाच्या फटीत जात, घामाने विरघळत, वाळत. एकदा मुंग्याही लागल्या. बटण अडकायला लागलं तशी मला भीती वाटायला लागली, कारण यज्ञेशचा अंगठा आता कुठे थांबतच नव्हता. गणिताच्या वहीतही तसंच चाललं होतं. माझ्या शेजारीच ती पडलेली असायची, म्हणून मला दिसायचं. गणित लिहायचा, दोन मिनिटं बघायचा आणि पान उलटून मागचं उत्तर उतरवायचा. मला तोंड असतं तर ओरडलो असतो, अरे किशोरने चाळीस दिवस काढले रे! पण मला नुसतं थरथरता येतं, आणि तेही खेळाने सांगितलं तरच.

यज्ञेश दहावीत गेला आणि प्लॅटिनम चषक एकशे बारा झाले. आत्यांनी ते वाचनालयाच्या मंडळात सांगितलं. झालं! आपल्याकडे एवढं पुरतं. मंडळाने वार्षिक गुणगौरवात त्याचं नाव घातलं आणि चौकात फ्लेक्स लागला. यज्ञेशचा शाळेच्या गणवेशातला फोटो, खाली लाल अक्षरांत 'जागतिक स्तरावर ११२ प्लॅटिनम चषक पटकावल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.'

फ्लेक्स बघून यज्ञेश घरी आला तो पांढराफटक. "आत्या, हे कशाला केलंत?"

"अरे, लाजतोस काय? मिरवायचं नसतं, मान्य. पण लपवायचंही नसतं."

त्याने तेव्हा सांगितलं असतं तर घरातल्या घरात निभावलं असतं. पण आत्यांच्या चेहऱ्यावर एवढा आनंद होता की त्याचा धीर झाला नाही. त्याला फक्त एकच भीती होती, की आत्यांना कळेल.

कार्यक्रमाला आत्यांनी मलाही नेलं. टेबलावर, नारळाच्या शेजारी ठेवलं आणि दसऱ्याला हत्यारांना लावतात तसं मला हळद-कुंकू वाहिलं. सभागृह भरलेलं होतं. छापलेल्या पत्रिकेत यज्ञेशच्या सत्काराआधी एक ओळ होती, 'कोड्याचे प्रात्यक्षिक'. ती आत्यांनीच घातली होती. वाचनालयाचा फळा आत आणून ठेवला होता. त्यावरचं कोडं महिनाभर कुणी सोडवून दाखवलं नव्हतं.

आत्यांनी ते वाचून दाखवलं. "एक माणूस शनिवारी सकाळी सहाला नेरळहून पायवाटेने माथेरान चढायला निघाला, बाराला पोचला. रविवारी सकाळी सहाला त्याच वाटेने उतरायला लागला, बाराच्या आत खाली आला. मध्ये हवा तिथे थांबला, हवा तिथे पळाला. तर वाटेवर अशी एक तरी जागा असेलच का, जिथे तो दोन्ही दिवशी घड्याळाच्या त्याच वेळेला होता? कशावरून?" मग त्यांनी खडू यज्ञेशच्या हातात दिला. "हं, होऊ दे. घाई नाही."

यज्ञेश फळ्याकडे बघत उभा राहिला. एक मिनिट गेलं, दोन गेली. मी टेबलावरून त्याचा अंगठा बघत होतो. तो अंगठा खडूवर खाली-वर, खाली-वर होत होता, बटण दाबल्यासारखा. विचार करायला थांबावं लागतं, आणि थांबण्याची त्याची सवयच मोडली होती.

मागून त्याच्या वर्गातला अक्षय ओरडला, "बाई, त्याला मोबाईल द्या! व्हिडिओ बघितल्याशिवाय त्याला काय येतंय? ते सगळे वीस मिनिटवाले चषक आहेत!"

पोरं खो खो हसली. आत्यांनी चष्मा काढला. "म्हणजे काय रे, यज्ञेश?"

त्याची मान खाली. आत्या एवढ्यावरून समजल्या. त्या बाईंना मुलाची खाली घातलेली मान वाचायला चाळीस वर्षांचा सराव होता.

तेवढ्यात पुढच्या रांगेत एक मुलगी उठली. भाग्यश्री नाव तिचं, भिवपुरीच्या वरच्या वाडीतली. धावण्याच्या शर्यतीचं बक्षीस घ्यायला आली होती. "बाई, मी सांगू? चुकलं तर बसते."

"सांग, बाळा."

"जागा हायच, बाई. शाळा सुटली की मी वाडीवर चढते, तवाच आये बाजाराला खाली निघते. वाट एकच. मी कुठं बसू दे नाय तर पळू दे, आयेची न् माझी गाठ पडल्याबिगर राहत नाय. तसा शनवारचा माणूस न् रयवारचा माणूस एकाच दिवशी वाटेला सोडायचा. दोघांची गाठ पडंल, ती जागा."

सभागृहात टाळ्या कडाडल्या. आत्यांनी विचारलं, "कधी सुटलं तुला?"

"परवा. फळ्यावर वाचलं तवापासनं म्हयनाभर रोज चढताना इचार करायची. आये म्हनली, पोरगी येडी झाली!"

आता वाटेल, शाल भाग्यश्रीला मिळाली असेल. छे! पत्रिका म्हणजे पत्रिका. सूत्रसंचालकाने पुढची ओळ वाचली, पाहुण्यांनी शाल उलगडली आणि सगळं कळून चुकलेल्या त्या सभेत यज्ञेशच्या खांद्यावर घातली. हातात नारळ दिला. फोटोवाला म्हणाला, "इकडे बघा, जरा हसा." भाग्यश्री मनापासून टाळ्या वाजवत होती. तिच्या मनात काही नव्हतं, आणि यज्ञेशला तेच सोसवेना. फ्लेक्स तर पुढे आठ दिवस चौकात लटकत होता. शाळेत जायला त्याने लांबचा रस्ता धरला.

त्या संध्याकाळी आत्या मला मांडीवर घेऊन बसल्या. ओल्या फडक्याने कुंकू पुसलं, मग टाचणीने बटणाच्या फटीतली वाळकी साखर खरवडून काढू लागल्या. यज्ञेश समोर उभा होता.

"एक तरी स्वतः सोडवलंस का रे?"

"तीन खोल्या. पहिल्या खेळातल्या."

"आणि मग?"

"मग वेळ लागायला लागला."

आत्यांचे हात थांबले. "अरे, वेळ लागायचाच ना रे राजा! मी काय तुला चषकांसाठी साखर देत होते? मला वाटलं, माझं पोर अजून पायरीवर बसतंय." एवढं बोलून त्या रडल्या. यज्ञेशही रडला. माझ्यावर दोन थेंब पडले. खारं पाणी आमच्या जातीला फार वाईट, पण मी मुळीच कुरकुरलो नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने तो पहिला खेळ पुसून पुन्हा सुरू केला. तीन खोल्या झाल्या. चौथी आली, तुटलेला पूल आणि तीन दगड. आज अकरावा दिवस आहे. माझं बटण आता छान वर येतं, पण ते दाबायला कुणाला घाई नाही. टिंग वाजलेलं नाही. साखरेचा डबा फळीवर तसाच आहे. यज्ञेशने दोनदा मोबाईल उचलला, दोनदा पालथा ठेवला. तिसऱ्यांदा काय करील, मला सांगता येत नाही, आणि मला धास्ती वाटते. या क्षणी त्याचा अंगठा माझ्या काडीवर टेकलेला आहे, अगदी स्थिर. किशोरचा टेकायचा तसा.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना पुसून-झाडून जपा, हे तर खरंच. पण तुमच्यापैकी कुणीतरी ती चौथी खोली ओलांडली असेल. तुम्हाला ते तीन दगड कुठे ठेवायचे हे माहीत असेल. हात जोडून विनवतो, तो वाटेत भेटला तर त्याला उत्तर सांगू नका.