तिसऱ्या गोलकीपरचा उजवा हातमोजा

मी एक जुना हातमोजा आहे. उजव्या हाताचा.

कोमट पाण्याने अर्धी भरलेली बादली.

परदेशातल्या एका उंच गोलकीपरचा डावा गुडघा.

बस आगारातली तिकीट खिडकी. तिच्यामागे बसणारी बाई प्रवाशांच्या चालीच्या नकला करते.

"आई, आज तरी तू टीव्हीत दिसणार का?"

मित्रांनो, कुणीतरी पिशवी उलटी करून सगळं जमिनीवर ओतावं तसं झालं ना हे? काय करू, मला पाच बोटं आहेत आणि प्रत्येक बोट आपलंच घोडं पुढे दामटतं. तरी सुरुवातीपासून सांगायचा प्रयत्न करतो.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. तळव्याला मऊ रबरी फोम, पाठीला जाड कापड, मनगटाला घट्ट बसणारा पट्टा. बोटं शिवणाऱ्या बाईने शेवटची शिवण घातली, स्वतःचा हात आत घातला आणि दोनदा मूठ मिटून पाहिली. तिचा हात लहान होता. माझी टोकं रिकामीच राहिली. तरी तो माझ्यातला पहिला हात, आणि पहिला हात कुणी विसरत नाही. मग मला आणि माझ्या जोडीदाराला, म्हणजे डाव्याला, एका खोक्यात घातलं. डावा स्वभावाने अबोल. आमच्या दोघांचं बोलणं कायम मलाच करावं लागलं.

आम्ही राष्ट्रीय महिला फुटबॉल संघाच्या सामानात येऊन पडलो. पहिल्या गोलकीपरने आपल्या आवडीची जोडी उचलली, दुसरीने आपली. उरलो आम्ही. आम्हाला उचललं तिसरीने.

तिला सगळे तिसरीच म्हणत. वयाने लहान मुली 'तिसरीताई' म्हणत, एवढाच काय तो मान. मोठ्या स्पर्धेला प्रत्येक संघाला तीन गोलकीपर न्यावे लागतात. पहिली खेळते. तिला काही झालं तर दुसरी खेळते. तिसरी खेळायची तर आभाळच कोसळायला हवं. ही तिची तिसरी स्पर्धा होती, आणि आभाळ प्रत्येक वेळी जागच्या जागी राहिलं होतं.

मग तिला नेत कशाला? तर मित्रांनो, तिच्या अंगात एक कला होती. ती हुबेहूब नक्कल करायची. बस आगारातल्या नोकरीत खिडकीसमोरून जाणारी माणसं बघून तिला ती सवय लागली होती. प्रशिक्षक मॅडम रागावल्या की कमरेवर हात ठेवून च्युइंग गम कसा चघळतात, हे ती मॅडमच्या पाठीमागे करून दाखवायची आणि जेवणाच्या टेबलावर हसून हसून पोरींच्या नाकातून पाणी यायचं. एकदा मॅडमनी ते पाहिलं. मॅडम म्हणाल्या, "माझी नक्कल करतेस ते ठीक. आता समोरच्या संघाची गोलकीपर करून दाखव."

तेव्हापासून तेच तिचं काम झालं. पुढच्या सामन्यात समोर जी गोलकीपर असेल, तिची चित्रफीत तिसरी पुन्हा पुन्हा बघायची. ती कशी उभी राहते, नजर कुठे ठेवते, चेंडू मारायच्या आधी कुठल्या पायावर भार घेते. मग सरावात ती त्या गोलकीपरसारखी गोलात उभी राहायची, आणि आपल्या मुली तिच्यावर पेनल्टी मारून शिकायच्या. सरावाआधी ती आम्हा दोघांना कोमट पाण्याच्या बादलीत बुडवायची. तळवा ओला असला की चेंडू चिकटतो. मी पाण्यातून बाहेर यायचो आणि आज आपण कोण आहोत, हे तिच्या बोटांवरून ओळखायचो. कधी बोटं ताठ, कधी सैल, कधी एकसारखी चुळबुळणारी.

मॅचचा चेंडू मात्र मला कधीच लागला नव्हता. सरावाचा आणि मॅचचा, दोन्ही चेंडू एकाच कारखान्यातले असतात म्हणे. असतीलही. पण मोकळ्या मैदानात दहा माणसं बघताना येणारा चेंडू आणि भरलेल्या स्टेडियममधून येणारा चेंडू यांचं वजन सारखं कसं असेल? मी बाकाखालच्या पिशवीत पडून तो गजर ऐकायचो आणि माझा फोम नुसता सुकत जायचा.

तिच्या मुलीचा फोन रोज संध्याकाळी यायचा. मुलगी आजीपाशी होती, बाबांच्या आईपाशी. सामना लागला की दोघी टीव्हीपुढे बसायच्या. "आई, तू दिसलीस," एकदा मुलगी म्हणाली होती. "पाण्याच्या बाटल्या देताना. आजी म्हणाली, घरी एक ग्लास हातात देत नाही." तिसरी खूप हसली. फोन ठेवला आणि मला हातात चढवलं. सराव संपून गेला होता. उगाचच चढवलं.

आता या स्पर्धेचं ऐका. आमच्या संघाने गटातले पहिले दोन्ही सामने जिंकले. गटात पहिला नंबर पक्का झाला. गटातला शेवटचा सामना उरला, ज्याच्या निकालाने कुणाचंच काही बिघडणार नव्हतं. पहिलीला विश्रांती द्यायची ठरली. दुसरीला ताप भरला. न्याहारीच्या वेळी मॅडम तिसरीच्या टेबलापाशी थांबल्या आणि मीठ मागावं तशा आवाजात म्हणाल्या, "उद्या गोलात तू."

तिने मान डोलावली.

पण अडचण अशी की, उपांत्यपूर्व फेरीत कोण समोर येणार तेही तोवर कळलं होतं. त्यांची ती उंच गोलकीपर पेनल्टीच्या वेळी क्षणभर आधी डावा गुडघा वाकवते आणि डावीकडे झेपावते. तिसरी ते चार दिवस करत होती. एव्हाना गुडघा सांगितल्याशिवायच वाकायला लागला होता. त्या दुपारीही सराव झाला. मॅडमनी तिला लवकर जायला सांगितलं. ती निघालीच होती, तेवढ्यात नऊ नंबरच्या पोरीने हाक मारली. गोल मारायचं सगळं ओझं त्या पोरीच्या खांद्यावर, आणि मागच्या स्पर्धेत तिची पेनल्टी हुकली होती.

"ताई, उद्या तुझी मॅच आहे, कळतंय मला. पण त्या बाईसमोर मला उभं राहायचंय. अजून थोडं होशील का ती?"

तिसरीने एकदा खोल्यांकडे जाणाऱ्या रस्त्याकडे पाहिलं. मग पट्टा पुन्हा आवळला. ऊन कलेपर्यंत ती दुसऱ्याच बाईसारखा गुडघा वाकवून पडत राहिली आणि नऊ नंबर तिच्या उजवीकडे चेंडू मारत राहिली. मी प्रत्येक वेळी रिकामा राहिलो. तेच तर माझं काम होतं.

दुसऱ्या दिवशी, मित्रांनो, मी बादलीतून बाहेर आलो तेव्हा तिची बोटं ताठही नव्हती आणि सैलही नव्हती. ती कुणाची बोटं होती ते मला ओळखता येईना. राष्ट्रगीताच्या वेळी तिने मला छातीवर धरलं. खालून ठोके लागत होते.

सामना बरोबरीत चालला होता. शेवटची वीसेक मिनिटं उरली असताना समोरच्या संघाची एक मुलगी चेंडू घेऊन सगळ्यांच्या पुढे निघाली. ती आणि आम्ही. मधे कुणी नाही. तिने पाय उचलला.

आणि तिसरीचा डावा गुडघा वाकला.

मुलीने चेंडू मारायच्या आधीच आम्ही डावीकडे जमिनीवर होतो. चेंडू उजवीकडून गेला, अगदी हळू, एखादी मांजर दारातून बाहेर पडावी तसा. मी हवेत नुसता उघडा राहिलो. स्टेडियम गरजलं. गजर पहिल्यांदाच इतक्या जवळून ऐकला, आणि तो आमच्यासाठी नव्हता.

सामना आम्ही त्या एका गोलने हरलो. कुणी तिला बोललं नाही. "त्याने काय फरक पडतो, ताई," असंच सगळ्या म्हणत होत्या. मला वाटतं, तेच तिला जास्त लागलं.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. मी खिडकीत वाळत होतो.

"आई, तू अशी का पडलीस? आपण गॅलरीत खेळतो तेव्हा तू अशी नाही पडत."

"मग कशी पडते गं मी?"

मग मुलगी म्हणाली, "मला नाही सांगता येत. पण अशी नाही."

उपांत्यपूर्व सामन्यात आम्हाला पेनल्टी मिळाली. नऊ नंबरने चेंडू ठेवला, धावत आली, क्षणभर थांबली. उंच गोलकीपरचा डावा गुडघा वाकला. चेंडू उजवीकडून आत गेला. नऊ नंबर सगळ्यांना चुकवून थेट बाकाकडे पळाली आणि तिने तिसरीला उचलून गोल फिरवलं. कॅमेरा मागोमाग आला. सगळ्या जगाने तिला पाहिलं, आणि ही कोण, हे जगाला कळलं नाही. पुढच्या फेरीत आम्ही हरलो. घरी आलो. त्यानंतर तिसरीला बोलावणं आलं नाही.

आता मी गॅलरीतल्या खिळ्यावर असतो. डावा कुंड्यांच्या कामाला लागला आहे, काटेरी रोपं त्याच्यानेच उचलतात. माझ्या तळव्याला भेगा पडल्या आहेत. मुलगी मोठी झाली. तिच्या शाळेचा संघ आहे, त्यात ती पुढे खेळते, गोलात नाही. तिसरी तिकिटं देते. हल्ली ती कुणाची नक्कल करत नाही. प्रवासी म्हणतात, बाई गंभीर झाल्या. कधीकधी ती संध्याकाळी गॅलरीत येते, मला चढवते, मूठ मिटते आणि उघडते. जणू मुलीला विचारलेल्या त्या प्रश्नाचं उत्तर माझ्या आत कुठेतरी राहून गेलं आहे.

मित्रांनो, तुमच्याकडे हातमोजे असतील तर ते ओले गुंडाळून पिशवीत कोंबू नका. साध्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा, उन्हात ठेवू नका, नाहीतर तळवा तडकतो. आणि तुमच्या संघात सरावापुरतं उभं राहणारं कुणी असेल, तर एखाद्या दिवशी सराव थांबवा. त्याला म्हणा, आज तू तुझ्यासारखा खेळ, आम्ही बघतो. हातमोज्याचं ऐका. आम्हाला आतून कळतं.

त्या हरलेल्या सामन्याच्या पूर्वार्धात, कोपऱ्यावरून आलेला एक उंच चेंडू तिसरीने गोल सोडून, ओरडत, सगळ्यांच्या डोक्यांवरून झेप घेऊन माझ्यात आणि डाव्यात घट्ट धरला होता; तसं करणारी गोलकीपर आम्ही कुठल्याच चित्रफितीत पाहिली नव्हती.