अर्जावरची तीट

माकणीच्या बब्रुवानानं आपल्या लेकाला जन्मात कधी शाबास म्हटलं नव्हतं. धोंडीराम शाळेत पहिला आला, तेव्हा हा म्हणाला, "बाकीची पोरं ढ असतील." परभणीच्या शेतकी कॉलेजातून बी.एस्सी. होऊन आला, तेव्हा म्हणाला, "आता बैलं तरी नीट बांधाया शीक." नवख्या माणसाला वाटावं, हा बाप आहे की कसाई! जुन्या माणसांना मात्र कारण ठाऊक होतं.

धोंडीरामाच्या आधी त्याला एक मुलगा झाला होता. गुटगुटीत, हसरा. येरमाळ्याच्या जत्रेत बब्रुवानानं त्याला खांद्यावर घेतलं आणि चारचौघांत छाती फुगवून म्हटलं, "हाय का असलं लेकरू कुणाचं?" जत्रेहून परतले आणि पोर तापानं फणफणलं, ते उठलंच नाही. मायबापाची नजर सगळ्यांत वाईट, असं मयताला आलेली एक म्हातारी बोलून गेली. ती गेली आपल्या घरी, पण तिचं बोलणं बब्रुवानाच्या काळजात कायमचं रुतून बसलं. पुढं दुसरा मुलगा झाला तेव्हा त्यानं नावच धोंडी ठेवलं. दगडाला कोण नजर लावणार?

असा हा बाप, आणि त्याच्याच तोंडून अमेरिकेला लेकाची तारीफ ऐकायची होती!

झालं होतं असं, की धोंडीरामानं अमेरिकेतल्या एका विद्यापीठात पुढच्या शेतकी शिक्षणासाठी अर्ज केला होता. मार्क उत्तम होते, प्रोफेसरांच्या शिफारशी गेल्या होत्या. राहिला होता एक कागद. उमेदवारानं ज्या शेतावर काम केलं, त्या शेताच्या मालकानं त्याच्या कामाबद्दल लिहून द्यायचं, आणि ते उमेदवाराला कळू द्यायचं नाही. मालक म्हणजे बब्रुवान. त्याला अक्षरओळख नाही, म्हणून लोहाऱ्याच्या शाळेचे हेडमास्तर नारायणराव सायकल हाणत माकणीला आले. धोंडीरामाला इंग्रजी त्यांनीच शिकवलेलं. कागद उद्याच्या टपालानं निघाला नाही, तर मुदत टळणार होती.

बब्रुवानानं नियम अगदी काटेकोर पाळला.

"धोंड्या, हिरीवरच्या रानात जा. हाक मारल्याबिगर यिऊ नगं."

"दादा, काय सांगणार तुमी?"

"जे हाय त्ये."

धोंडीराम एवढंसं तोंड करून गेला. नारायणरावांनी फाउंटन पेन उघडलं. "बोला बब्रुवान. मुलगा कामाला कसा आहे?"

"आळशी."

"अहो!"

"लिवा की. सकाळी उठवावा लागतोय. वखर हातात आन् ध्यान पुस्तकात. बैलाला धाकात ठिवत न्हाय, गोंजारीत बसतोय. थोरामोठ्यांचं ऐकत न्हाय."

नारायणरावांनी पेन खाली ठेवलं. "हे असं गेलं तर ते तुमच्या लेकाला दारातसुद्धा उभं करणार नाहीत. खरं सांगा, असा आहे का तो?"

"न्हाय."

"मग खोटं का सांगता?"

"गुरुजी, खरं म्या एकदाच बोललो व्हतो. येरमाळ्याच्या जत्रंत."

नारायणरावांना ती गोष्ट माहीत होती. ते ओशाळले. मग समजुतीच्या सुरात म्हणाले, "मी इंग्रजीतच लिहिणार ना? दृष्टीला इंग्रजी कुठलं कळायला?"

"तुमी विंग्रजीत लिवताल. म्या तर मराठीतच बोलणार की!"

इकडे आड, तिकडे विहीर, अशी बब्रुवानाची गत झाली. गप्प बसावं तर पोराचं नशीब आपल्याच हातानं मातीत घालायचं. बोलावं तर पोरच... पुढचं त्याच्या मनातसुद्धा उमटेना. त्याला पोरगा अमेरिकेला जायला हवा होता, आणि जगायलाही हवा होता.

आत भाकरी थापता थापता त्याची बायको तुळजाबाई सगळं ऐकत होती. ती तशीच उठली, तव्याच्या बुडाची काजळी बोटावर घेतली आणि बाहेर आली.

"गुरुजी, वाईच सरका."

आणि त्या पांढऱ्याशुभ्र अमेरिकन कागदाच्या कोपऱ्यात तिनं ठसठशीत काळी तीट लावली.

"अहो तुळजाबाई! कागद खराब केलात!"

"खराब कशानं? लेकराच्या गालाला लावतेत, तशी लावली." मग ती नवऱ्याकडं वळली. "आता बोला तुमी. माजं बी लेकरू हाय त्ये. जीव काय तुमचाच तुटतोय व्हय?"

बब्रुवानानं तीट नीट पाहिली.

"लिवा गुरुजी. जवारीला काणी पडत व्हती आमच्यात. कणसात दाण्याच्या जागी काळी भुकटी. ह्यो म्हणला, बियाला गंधक चोळून पेरू. म्या शिव्या हासडल्या. तरी बी निम्मं रान दिलं, म्हणलं कर तुजी हौस. सुगीला माज्या निम्म्यात काळी कणसं आन् त्याच्या निम्म्यात शोधून घावंना. गावानं इचारलं तवा म्या सांगितलं, तिकडली जमीनच चांगली. खोटं बोललो. जमीन समदी एकच हाय. त्यो चांगला हाय."

मग त्याला थांबवणं कठीण झालं. बैलाला गोंजारतो म्हणूनच आजारी बैल त्याच्याच हातचं पाणी प्याला, हेही आलं. पाठीमागची बाजू भरली, नारायणराव समासात लिहू लागले. लिहिताना त्यांना दोनदा चष्मा पुसावा लागला.

"शेवटी काय लिहू?"

बब्रुवानानं पुन्हा तिटेकडं पाहून घेतलं. "लिवा, असला लेक पंचक्रोशीत न्हाय."

दिवस कलल्यावर धोंडीराम परतला. "काय सांगितलं, दादा?"

"आळशी हाय म्हणलं. जेव."

उन्हाळ्यात अमेरिकेचं पत्र आलं. प्रवेश मिळाला होता, शिष्यवृत्तीसकट. "डागाबद्दल एक अक्षर नाही," नारायणराव हसून तुळजाबाईला म्हणाले.

निघायच्या दिवशी अर्धी माकणी गाड्या जुंपून लोहाऱ्याच्या मोटारस्टँडवर लोटली. धोंडीराम कोट-टाय घालून आईच्या, बापाच्या, गुरुजींच्या पाया पडला. कंडक्टर घाई करू लागला तसा बब्रुवान समोरच्या चहावाल्याकडं गेला, किटलीच्या बुडाला अंगठा घासला आणि लेकाच्या कानामागं काळी तीट लावली. मग गर्दीकडं तोंड करून, त्या जत्रेनंतर कधीच न काढलेल्या आवाजात ओरडला,

"ऐका रं समदी! ती जवारी ध्यानात हाय न्हवं? ती जमीन चांगली न्हवती. ह्यो चांगला व्हता. असला लेक पंचक्रोशीत न्हाय!"

धोंडीरामाचा एक पाय मोटारीच्या पायरीवर होता. एका शब्दासाठी उभा जन्म वाट पाहिली होती पठ्ठ्यानं, आणि आज सगळं एकदमच पदरात पडलं. टाय लावलेला तो बाप्या सगळ्यांदेखत ढसाढसा रडला. तुळजाबाई मात्र पदर सावरून ताठ उभी होती.

मोटार धूळ उडवत गेली. गावातला एक म्हातारा दबक्या आवाजात म्हणाला, "बब्रुवाना, लई बोललास बग. नजर लागंल पोराला."

बब्रुवानानं आपला काळा अंगठा त्याच्यापुढं धरला. मग चहाच्या बाकड्यावर ऐसपैस मांडी घालत म्हणाला, "लागत न्हाय. बस हितं, च्या घे. आजून लई सांगायचं राह्यलंय."