माळ्याला गोधडी शिवणारा दाभण

मित्रांनो, सुईला तुम्ही सगळेच ओळखता. तिच्या थोरल्या भावाला मात्र तुमच्यापैकी किती जण ओळखतात, कोण जाणे. मी एक जुना दाभण आहे. वीतभर लांब, टोकाशी जरासा वाकलेला, पोत्यांची तोंडं शिवायला जन्माला आलेला. कवठे महांकाळच्या एका लोहाराने मला बैलगाडीच्या चाकाच्या मोडक्या लोखंडी धावेतून ठोकून काढलं. माझ्या नेढ्यातून दोरा नव्हे, चांगली जाड सुतळी जाते. हे मी जरा मिरवूनच सांगतो, रागावू नका.

माझे मालक कोंडीबा सांगलीच्या हळदीच्या पेठेत पोती शिवायचे. "कोंडीबाची शिवण उसवत न्हाई," असं हमाल म्हणायचे. त्यातलं निम्मं कौतुक माझंच आहे, असं मला वाटायचं.

एकोणीसशे सत्याहत्तरच्या हिवाळ्यात कोंडीबा मला घेऊन वाईला गेले. तिथे त्यांचे थोरले भाऊ नानासो राहत होते. ते फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या जुन्या घरात खाली स्वयंपाकघर आणि पिठाची गिरणी, वर कौलांखाली फळ्यांच्या भिंतींचा रिकामा माळा. त्यांच्या लेकीचे, विजयमालाचे, दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, ही तर रीतच. पण तिच्या सासूबाईंनी, बनुबाईंनी, निरोप धाडला होता, "तुमच्याकडं खाली पीठ उडतंय, वर वारं घुसतंय. सुनंला घिऊन मी सोता येनार. बाळंतिणीची खोली गार लागली, तर सून माझ्यासंगं माघारी!"

तेव्हापासून विजयमालाच्या आईला, रंगूबाईंना, अन्न गोड लागेना. लेकीच्या बाळाला आपल्या हातांनी न्हाऊमाखू घालावं, एवढीच त्यांची हौस होती.

"रडतीस कशाला?" नानासो म्हणाले. "बर्फात आमी दुहेरी भिंती करून आत गवत ठासायचो. भाईर पानी गोठायचं आन आत आमी बनियनवर पत्ते कुटायचो! आपन माळ्याला गोधडीच शिवू."

झालं, घर कामाला लागलं. पोती उसवायची, दोन थरांमध्ये भाताचं तूस भरायचं, ते खाली घसरू नये म्हणून मी आडवे-उभे टाके घालायचे. मग ती गोधडी भिंतीला आणि कौलांखाली ठोकायची आणि वरून शेणामातीचा गिलावा. पोती शिवून शिवून कंटाळलेल्या मला पहिल्यांदाच भिंत शिवायला मिळाली. मी खूप खूश होतो.

पण एक घोटाळा झाला होता. कोंडीबांनी पोती आणली होती गुळाच्या पेठेतून. "लय जाड हायती, दादा. झटकून आनल्यात," ते म्हणाले. पहिल्याच टाक्याला माझं नेढं चिकट झालं आणि मला सगळं कळलं. पण दाभणाला तोंड नसतं. मी आपला मुकाट्याने शिवत राहिलो, याचं मला आजही वाईट वाटतं.

गिलावा वाळला आणि सकाळी रंगूबाई किंचाळल्या. भिंतीच्या भेगेतून मुंगळ्यांची रांग निघाली होती! बनुबाई यायला उरले होते पाच दिवस. "आवं, बाळाला डसतील की वो," म्हणत रंगूबाई पायरीवरच बसल्या.

कोंडीबांनी कपाळावर हात मारला. "माझी अक्कल शेन खाया गेलती, वैनी!" त्यांनी सांगलीची पहिली एसटी पकडली आणि दुसऱ्या दिवशी हळदीची पोती घेऊन ते परत आले. हळदीच्या वासाला मुंगळा फिरकत नाही, हे पेठेत सगळ्यांना ठाऊक.

सगळं उसवून पुन्हा शिवायचं होतं. तिघांनी पाळ्या लावल्या, मला मात्र उसंत नव्हती. माझं टोक बोथट झालं, तेव्हा नानासोंनी मला दगडावर घासून धार लावली. पोत्यांतली हळद उडून तिघांची तोंडं पिवळी झाली. नवऱ्याकडे बघून रंगूबाईंना हसू आवरेना. "आवं, पन्नाशीत परत हळद लागली की आपल्याला!" हवालदारसाहेब चक्क लाजले.

बनुबाई आल्या, सोबत विजयमाला. माळ्याचं दार लावून त्या मधोमध बसल्या. भिंतीवरून तळहात फिरवला. वाकून सगळे कोपरे तपासले. रंगूबाई जीव मुठीत धरून उभ्या होत्या. मीही कोंडीबांच्या टोपीला खोचलेला, सगळं बघत होतो.

शेवटी बनुबाईंनी अंगावरची शाल काढून ठेवली. "ऊब हाय. पन मी एकटी माघारी जानार न्हाई."

रंगूबाईंचे डोळे भरून आले.

"आवं विहीनबाई, रडताय कशापायी? माझं गुडघं थंडीनं लय धरत्यात. सून ऱ्हाऊ द्या, आन तिच्याशेजारी माझंबी अंथरून टाका. बारशापातूर मी हितनं हालत न्हाई!"

जानेवारीत मुलगी झाली. रंगूबाईंनी तिला पायांवर घेऊन न्हाऊ घातलं, पाणी ओतायचा मान बनुबाईंचा. त्या दिवशी मला जो आनंद झाला, तो पेठेतल्या हजार पोत्यांनी दिला नाही.

मित्रांनो, आता पेठेत पोती शिवायचं यंत्र आलं आहे आणि मी फडताळातल्या डब्यात असतो. माझ्यासारखं एखादं जुनं हत्यार तुमच्याही घरात पडलं असेल. त्याला गंज चढू देऊ नका. पुसून, तेलाचं बोट फिरवून नीट ठेवा. कुणाची लेक कधी माहेरी यायची असेल, सांगता येत नाही.