तिसऱ्या रिळातला खोकला

जुने सिनेमे धुऊनपुसून डिस्कवर काढणारी एक कंपनी आहे. पुढच्या महिन्यात आमचाही सिनेमा निघणार, असा तिथून फोन आला, तेव्हा मी चष्मा शोधत होते आणि तो डोक्यावरच होता. त्या सिनेमाच्या मंडळींपैकी मी एकटीच उरले आहे, सहायक संकलक. म्हणून बाजारात जाण्याआधीची प्रत त्यांनी मला पाठवली. काही खटकलं तर शुक्रवारच्या आत सांगा, म्हणाले.

वन्सं माझ्याकडेच राहतात. दोघी म्हाताऱ्या पडदे ओढून बसलो. चित्र इतकं लख्ख, की नायिकेच्या बाहीची उसवलेली शिवण दिसली. हिला कोणी सुईदोरा दिला नाही का, असं वन्सं पुटपुटल्या.

मग तिसरं रीळ आलं. आई मुलाची वाट बघत खुर्चीत बसली आहे. एकदम मान वर करून ती दाराकडे बघते. मी श्वास रोखून धरला, पण काहीच ऐकू आलं नाही.

तिथे खोकला होता. आमच्या ह्यांचा.

हे ध्वनिमुद्रक. शेजारच्या खोलीतल्या घड्याळाची टिकटिकही खपायची नाही, म्हणून स्टुडिओत सगळे ह्यांना कानसेन म्हणत. आणि नेमकं त्या दिवशी, हेडफोन लावून दारामागे बसलेले असताना ह्यांनाच खोकला आवरला नाही. टेक वाया गेला म्हणून मी फिल्मवर पिवळ्या पेन्सिलीने फुली मारली. दिग्दर्शकांनी तो तुकडा पुन्हा पुन्हा पाहिला आणि फुली पुसायला लावली. खोकला ऐकून तिला दाराशी खरंच कोणी आलंय असं वाटलं, असं बघणं सांगून मिळत नाही, म्हणाले. ह्यांना मात्र जन्मभर लाज. सिनेमा कुठेही लागला, की तो प्रसंग यायच्या आत हे चहाला बाहेर.

साऱ्या जगाचे आवाज ह्यांनी टिपले, स्वतःचा मात्र कुठेच नाही. दिव्याखाली अंधार. आहे तो एवढा खोकला.

डोळ्यांना पदर लावलेला वन्संनी पाहिला. "त्याच्या खोकल्यानं झोप लागत नाही म्हणून जन्मभर कुरकुरलीस," त्या म्हणाल्या, "आणि आता गेला म्हणून रडतेस?" वर फोन त्यांनीच माझ्या हातात कोंबला.

पण मागायचं कोणत्या तोंडानं? सिनेमा म्हणजे काही आमच्या घरचा आल्बम नव्हे. म्हणून ठरवलं, बायको म्हणून एक शब्द बोलायचा नाही. आवाज साफ करणारी मुलगी फोनवर आली, तिला मी फक्त फुलीची हकिगत सांगितली.

ती म्हणाली, "आजी, मला तो डाग वाटला हो. पण पुसल्यापासून एक कोडं पडलं होतं, ही बाई दाराकडे बघते का? परत घालते मी. मूळ आवाज जपून ठेवलाय." मग सहज विचारलं, "खोकला होता कोणाचा?"

ठरवलेलं सगळं विसरले. "आमच्या ह्यांचा," म्हटलं. तर तीच म्हणाली, "बरं झालं आजी, वेळेवर सांगितलंत." आभार मी मानायचे, तर तिनेच मानले.

तिचं तोंड मी अजून पाहिलेलं नाही. पण सकाळी उठून ज्यांची ज्यांची आठवण काढते, त्यांत आता तिचीही भर पडली आहे.

डिस्क आली. पुन्हा पडदे ओढले. आई खुर्चीत बसली, आणि खोकला आला, अगदी पलीकडच्या खोलीतून यावा तसा. पडद्यावरच्या आईने मान वर केली. वन्संनीही आमच्या दाराकडे पाहिलं.

"अगं, पाणी दे त्याला," त्या म्हणाल्या.

मी खरंच अर्धी उठले होते.