फेब्रुवारीतली माणसं

तिचं काम आकड्यांची चित्रं काढायचं. इस्पितळात कोणत्या महिन्यात किती खाटा भरलेल्या होत्या, याचे रिपोर्ट ती दुसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यात बसून कॉम्प्युटरवर बनवायची. तिला लहानाचं मोठं करणारी मावशी त्याच इस्पितळाच्या मागच्या वॉर्डात होती. डिसेंबर सरता सरता मावशी दारातच घसरली, खुब्याचं हाड मोडलं, आणि तेव्हापासून खिडकीजवळच्या खाटेवर तिचा मुक्काम पडला.

फेब्रुवारी अर्धा सरला तरी धुकं दुपारपर्यंत उठत नव्हतं. अशाच एका दिवशी नव्या व्यवस्थापकांनी तिला बोलावून घेतलं. पडद्यावर तिचाच रिपोर्ट होता. आलेखातला डिसेंबरचा खांब छताला टेकलेला, फेब्रुवारीचा जमिनीतून जेमतेम डोकं काढणारा.

"मागच्या वॉर्डात तर चिटपाखरू नाही," ते म्हणाले. "बंदच करून टाकू. दोघंतिघं असतील ती वर हलवू."

ती उठली. तशीच ती खाली गेली. वॉर्डात एकही खाट रिकामी नव्हती. खिडक्यांना धुकं चिकटलेलं, पांढऱ्या चादरींखाली सगळी माणसं संथ श्वास घेत पडलेली. मावशीच्या उशाशी बसल्या बसल्या तिचाही डोळा लागला.

स्वप्नात महिने म्हणजे एकापुढे एक खोल्या होत्या, सगळी दारं सताड उघडी. लोक लांबलचक चादरी ओढत आत येत होते, आणि पहिल्याच दारात कुणीतरी त्या घडी करून तिथेच रचत होतं. पुढच्या खोलीत नुसती गार फरशी. तिने एक चादर उचलून उलगडायला घेतली. ती या खोलीतून त्या खोलीत गेली, पण टोक काही हाती लागेना.

"अगं, मान अवघडेल," मावशीने तिला हलवलं.

"मावशी, रिपोर्टात तू नाहीसच."

"मग रोज सकाळी सुई कुणाला टोचतात? तुझ्या कॉम्प्युटरला?"

ती खळखळून हसली आणि हसता हसताच उठून वर पळाली.

घोळ स्वप्नातल्या त्या पहिल्या दारातच होता. माणूस ज्या महिन्यात दाखल झालं, त्याच महिन्याच्या पदरात सॉफ्टवेअर त्याच्या मुक्कामाच्या सगळ्या रात्री टाकत होतं. आणि घरी जायची तारीखच पडली नव्हती, अशांना तर ते मोजतच नव्हतं. तिने कॅलेंडरचं वेगळं टेबल मांडलं, दर दिवसाला एक ओळ. प्रत्येकाचा मुक्काम त्या दिवसांवर पसरला. जिथे शेवटची तारीख कोरी होती, तिथे आजची धरली. मग महिन्यामहिन्याची रोजची सरासरी काढली. डिसेंबरचा खांब हळूहळू बसला, जानेवारीचा वर आला, आणि फेब्रुवारीचा त्याच्या खांद्याला लागला. त्यात कुठेतरी मावशीही होती. ती कितीतरी वेळ त्या निळ्या खांबाकडे बघत राहिली.

व्यवस्थापकांनी नवं चित्र पाहिलं आणि चष्मा काढून पुसला. "ही सगळी माणसं आत्ता खाली आहेत?"

"चला ना, बघाच."

ते आले. इतक्या माणसांत आपल्या बुटांचा आवाज होतोय म्हणून की काय, जपून पावलं टाकत खिडकीपर्यंत गेले.

"बसा हो," मावशी म्हणाली. "घाई कशाला? इथे कुणालाच नाही."

ते खरंच बसले. बाहेर काही दिसत नव्हतं, तरी दोघंही बराच वेळ बाहेर बघत होती. उठताना ते भाचीला एवढंच म्हणाले, "वॉर्ड राहू दे. मी आधी इथे यायला हवं होतं."

मार्चमध्ये मावशी काठी टेकत चालायला लागली आणि एका सकाळी तिला घरी सोडलं. टॅक्सीत बसताच तिने भाचीच्या खांद्यावर डोकं टेकलं. रस्त्यावर कोवळं ऊन सांडलं होतं. थोड्याच वेळात मावशी घोरायला लागली, तेव्हा न सांगताच ड्रायव्हरने गाडी हळू केली.