खिडकीजवळची खुर्ची

"सगळं पेजवर नेऊ नकोस गं, रोवेना. ज्याच्या हातात फोन नाही, त्याला आपलं दार बंदच वाटेल," आमच्या ग्रंथपाल वसुंधरा मॅडम म्हणाल्या होत्या. मी हसले. फोन नसलेला विद्यार्थी आता वसईत शोधायचा कुठे?

कॉलेजच्या लायब्ररीचं इन्स्टाग्राम पेज मी सांभाळते. नवी पुस्तकं, रील्स, आणि परीक्षा आल्या की अभ्यासिकेतल्या जागा. मेसेज करा, खुर्ची राखते. पाचूबंदरची टिफनी रोज सकाळी लिहायची, "खिडकीजवळची?" मी माझ्या छोट्या एल्रॉयचं पिवळं रबरी बदक त्या खुर्चीवर ठेवून फोटो पाठवायची. राखली! घरात तिला अभ्यासाला जागा नव्हती. शेवटचं वर्ष, त्यात एक विषय राहिलेला. या वेळी सुटला नाही तर कॉलेज बंद, असं आईने बजावलेलं.

आणि ऐन परीक्षेच्या तोंडावर तिचे मेसेज थांबले.

मी विचारलं. तिने बघितलंसुद्धा नाही. एल्रॉय शिंकला तरी मी न्यूमोनियापर्यंत पोचते. टिफनीला तर मी तापापासून लग्नापर्यंत कुठे कुठे पोचवलं! शेवटी बदकाची स्टोरी टाकली: ही खुर्ची कुणाची तरी वाट बघतेय. झालं! अख्खं एफवाय बदकाबरोबर सेल्फी काढायला आलं. टिफनी सोडून.

"आता काय करू, मॅडम?"

"फोन ठेव आणि पाचूबंदरला जा."

एल्रॉयला कडेवर घेऊन गेले. धक्क्यावर मासळीच्या लिलावाचा आरडाओरडा. टिफनी पालथ्या टोपलीवर बसलेली, मांडीवर पुस्तक, कानात कापूस.

"मोबाईल पान्यात घालवला हिनं," मावरं निवडत तिची आई म्हणाली. "होडीवर रील पायजे होती!"

"मग लायब्ररीत का नाही आलीस गं?"

टिफनी ओशाळली. "मिस, मेसेज केल्याशिवाय आत घेत नाहीत ना?"

हसू की रडू, मला कळेना. तेवढ्यात एल्रॉयने बोंबील पकडला.

"ऊठ, चल. बदक कंटाळलंय."

"जा बाय," आई म्हणाली. "इथं बसून हिला नुसता पापलेटचा भाव पाठ झालाय!"

संध्याकाळी मी पेजवर लिहिलं: बुकिंग लागत नाही, नुसते या. मॅडमनी वाचलं. "हेही फोनवाल्यांनाच दिसणार ना?"

खरंच की. म्हणून कॉलेजच्या छापील अंकात हे लिहितेय. टीवायचा जेन्सन बरेच दिवस पेजवर नाही, लायब्ररीतही नाही. राजोडीच्या बाजूला कुणी राहत असाल, तर मेसेज नका करू. त्याच्या घरी जरा डोकावून या ना.